आबांचा घसा बसला तेव्हा

“जीभ बाहेर, आणि बोलू नका,” मी म्हटलं. सर्जेआबा तरी बोलतच होते.

बारामतीत मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. आबा लासुर्ण्याजवळच्या एका गावचे सरपंच. विधानसभेला अपक्ष उभे होते. प्रचाराचा शेवटचा आठवडा, आणि आवाज पार बसलेला.

दुर्बिणीतून बघितलं. आपल्या घशात दोन पट्ट्या असतात, व्होकल कॉर्ड. बोलताना त्या एकमेकींवर आपटतात. आबांच्या एका पट्टीत रक्त साकळलं होतं.

“चार दिवस एक शब्द नाही. कुजबुजही नाही, तिनं उलट ताण येतो. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा बिघडेल.”

आबांच्या पत्नी, सुमनवहिनी, म्हणाल्या, “आन परचार?”

“हात जोडायला घसा लागत नाही.” हे बोलून मी स्वतःवरच खूश झाले होते.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. “मॅडम, आबांनी दुसऱ्याला पाठिंबा दिला म्हणून तालुकाभर बोंब झालीया. कार्यकर्ते गाड्या लावून घरी गेलं.”

“घसा बसलाय म्हणून सांगितलं नाही का?”

“सांगितलं की. त्यानंच तर घात झाला.”

मला कळेना. मग वहिनींनी समजावलं. आपल्याकडे पुढाऱ्याची तब्येत बिघडली, फोन बंद झाला, तो बोलेनासा झाला, म्हणजे तो नाराज आहे. नाराज माणसाची समजूत काढायला लोक जातात. तसे समोरच्या उमेदवाराचे एक तात्या शाल-नारळ घेऊन ओसरीवर आले होते. म्हणाले, मार्केट कमिटीवर घेऊ. आबांनी मान हलवून नकार दिला. तात्यांना वाटलं, कमी पडलं. म्हणाले, कारखान्यावर संचालक करू. आबांनी दोन्ही हात हलवले. तात्या आणखी मोठं पद शोधायला परत गेले.

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. गप्प बसवलं होतं मीच. शिवाय आबांना ओरडून सांगायचा मोह मोठा होता. संतापून आबा एकदा ओरडले असते, तर घसा गेलाच होता.

“मॅडम, तुमी स्टेजवर येऊन सांगता का?”

“मी कुणाच्या स्टेजवर जाणार नाही. पण दुर्बिणीचा व्हिडिओ आबांचा आहे. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.” वहिनी दवाखान्यात आल्या तेव्हा मी पेन ड्राइव्ह दिला.

निमगाव केतकी गावच्या बाजारात आबांच्या प्रचारगाडीच्या एलईडी स्क्रीनवर त्यांनी तो व्हिडिओ लावला. मला राहवेना. भाजी घ्यायच्या निमित्तानं मीही जाऊन उभी राहिले. पडदाभर लालभडक घसा. शेजारी आबा हात जोडून, तोंड मिटून. लोक पिशव्या खाली ठेवून बघत होते.

“ह्यात आबा कुठं हायत?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“हे आबाच हायत. आतनं,” वहिनी माईकवर म्हणाल्या. “ती लाल गाठ दिसती का? तिच्यापायी बोलत न्हाईत. कुणावर नाराज न्हाईत.”

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “व्हय. खरंच सुजलंय की.”

संध्याकाळपर्यंत कार्यकर्ते परत आले. आबांनी उरलेला प्रचार न बोलताच पुरा केला.

निकालाच्या दुपारी फोन आला. “मॅडम, पडलो.” मला फार वाईट वाटलं. “पर आवाज ऐका,” आबा म्हणाले. खणखणीत होता.

आता पुढाऱ्यांना बोलणं बंद करायला सांगते, तेव्हा सर्टिफिकेटवर आजाराच्या नावाच्या खाली एक ओळ जास्त लिहिते: रुग्ण नाराज नाही.