चिखलदऱ्याची बदली

कोराडीच्या वसाहतीत वामनराव निखाडे हे नाव निघालं की माणसं आधी हसत, आणि मग आपण त्यांच्यासमोर काही वावगं तर बोललो नाही ना, हे मनातल्या मनात आठवून बघत. नोकरीच तशी होती. वीज केंद्रात येणारे कोळशाचे ट्रक ज्या काट्यावर तोलले जातात, त्या काट्याच्या खिडकीत हा माणूस सात वर्षं बसला होता. कोळशावर पाणी मारून आणलंय का, ताडपत्रीखाली क्लीनर दडून बसलाय का, खालच्या थरात दगड किती, हे बघता बघता नजरच तशी झाली. घरी दूधवाला आला तरी ते आधी त्याच्या तोंडाकडे बघत आणि मग दुधाकडे. त्यांची बायको इंदूबाई म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाबी हे वाकून पाहून राहिले होते, पोरगी बदलली तं नाही म्हणून."

एका ठिकाणी मात्र हा माणूस लोण्याहून मऊ होता. त्यांची एकुलती एक मुलगी, शामला. नऊ वर्षांची, जन्मापासून ठार बहिरी. रोज सकाळी सातच्या बसनं इंदूबाई तिला नागपूरच्या मूकबधिरांच्या शाळेत घेऊन जायची. तिथल्या बाई पोरीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून एकेक अक्षर तिच्याकडून गिरवून घ्यायच्या. चार वर्षं घासल्यावर त्या उन्हाळ्यात शामला पहिल्यांदा "बाबा" म्हणाली. आवाज जाडाभरडा होता, पण शब्द स्वच्छ. वामनराव मोरीत गेले, बादलीत नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. मात्र चारचौघांत ते तिला बोलू देत नसत. लोक तोंडावर कौतुक करतील आणि पाठ फिरली की नक्कल, याची त्यांना खात्रीच होती.

नेमकं त्याच वर्षी बदलीचं आलं. खानदेशाकडच्या एका नव्या केंद्रावर माणसं धाडायची होती, आणि काट्यावरच्या तिघांतला एक जाणार हे पक्कं होतं. त्यातले नत्थूजी फाल्गुनात रिटायर होणार, म्हणजे ते सुटले. उरले दोन. वामनराव आणि कवडू ढोक. नाव द्यायचं त्यांच्या वरच्या पत्की साहेबांनी, दिवाळीच्या आत. तिकडे शामलासारख्या पोरांची शाळा नाही, हे वामनरावांनी तीन ठिकाणी विचारून खात्री करून घेतलं होतं. बदली झाली तर पोरीचं बोलणं त्या एका शब्दावरच थांबणार.

कवडू हा वामनरावांचा दोस्त. वामनरावांना दोस्त होता याचंच लोकांना नवल वाटे. कवडू कोळशाचा नमुना काढायचा. कोणावरही विश्वास टाकणारा, मोठ्यानं हसणारा, खाण्यापिण्याचा शौकीन माणूस. गाव नरखेडकडचं. थोरला भाऊ गेल्यापासून संत्र्याच्या बागेचं पाणी म्हातारा बाप आणि कवडूची बायको प्रयागबाई अशी दोघंच बघत, म्हणून दर शनिवारी कवडू दुपारी दोनलाच पळून नरखेडची एसटी गाठायचा. ड्यूटी सहापर्यंत. मधले चार तास वामनराव सांभाळून घेत. ही गोष्ट दोघांत होती, तिसऱ्या कानाला ठाऊक नव्हती.

एक्क्याऐंशी साली गांधी जयंती शुक्रवारी आली. मधल्या शनिवारची रजा टाकली की तीन दिवस सुट्टी, म्हणून वसाहतीच्या क्लबानं चिखलदऱ्याची सहल काढली. पत्की साहेबही आपली जीप घेऊन येणार, हे ऐकताच वामनरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. साहेब आजवर कधी क्लबाच्या सहलीला आले नव्हते.

"साहेब काहून येऊन राहिले असतील वं?" त्यांनी इंदूबाईला विचारलं.

"त्याइले पोट नाही का? कवडूभाऊजी रोडगे करून राहिले म्हणून येत असतील."

हे उत्तर वामनरावांना फार सोपं वाटलं, आणि सोप्या उत्तरावर त्यांचा कधी भरवसा नसे.

परतवाड्यानंतर घाट लागला. बायका गाणी म्हणत होत्या, माणसं डबे उघडून कोथिंबिरीच्या सांबारवड्या खात होती, आणि वामनराव ड्रायव्हरच्या मागे उभे राहून वळणं मोजत होते. वर पोचल्यावर हवा अशी की वसाहतीतली राखेची सवय असलेल्या नाकांना आधी विश्वासच बसेना. डोंगर हिरवेगार. दुपारी भीमकुंडाचा धबधबा झाला, संध्याकाळी तलावात होडी. वामनरावांनी शामलाला होडीत बसवायच्या आधी होडीचा तळ हातानं चाचपून पाहिला. बाजारात रबडी खाल्ली तेव्हा त्यांनी हलवायाला विचारलं, "टिपकागद तं नाही ना टाकला घट्ट व्हाले?" हलवाई कढईवरचा झारा तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. कवडूनं मात्र तीन वाट्या संपवल्या, चौथी शामलाला भरवली आणि हलवायाचा पत्ता कागदावर लिहून घेतला.

या दोन दिवसांत वामनरावांना एकच दिसत होतं. कवडू सारखा साहेबांजवळ. धबधब्यावर साहेबांच्या कानाशी, तलावावर साहेबांच्या शेजारी. आणि वामनराव जवळ गेले की दोघं गप्प. असं एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांच्या तोंडची चवच गेली.

शनिवारी दुपारनंतर विश्रामगृहाच्या मागच्या पटांगणात कवडूनं गोवऱ्यांचा जगरा पेटवला. कणकेचे रोडगे थापून तो विस्तवात पुरत होता. बाजूला चुलीवर मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजत होती, तिचा ठसका लागून नत्थूजींना शिंका येत होत्या. वामनराव स्वयंपाकघरात शिरले होते, खानसामा भैय्याजी चहाला कोणतं पाणी वापरतो ते बघायला. तिथल्या खिडकीबाहेर आवाज आला. साहेब आणि कवडू.

"मग वामनरावांना काय सांगायचं?" साहेब विचारत होते.

"आत्ता काहीच नोका सांगू साहेब. तो उगाच बिथरते. बदली येऊन राहिली, आता ते का आपल्या हातात आहे?"

"पोरीसाठी मात्र वाईट वाटतं रे."

"वाटतेच ना. पन बदलीपुढे कोनाचं चालते? सकाऊन उठून पाहू."

वामनरावांनी हातातला कप खाली ठेवला. पाण्यानं भिजलेला कोळसा सात वर्षं नुसत्या वासावर ओळखणाऱ्या माणसाला दोस्त ओळखता आला नाही, याची त्यांना आधी लाज वाटली आणि मग भयंकर संताप आला. दोन दिवस हा साहेबांच्या मागे का होता ते आता कळलं. स्वतःचं नाव काढून वामनरावांचं घालत होता. दर शनिवारी ज्याच्या पाठीशी आपण उभे राहिलो तोच.

ते तसेच बाहेर पडले. साहेब कुंपणापाशी एकटे उभे होते. दरीतून पांढरं धुकं वर चढत होतं, समोरचा डोंगर अर्धा पुसला गेला होता. वामनरावांचं त्याकडे लक्ष नव्हतं.

"साहेब, एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची होती," ते म्हणाले. साहेबांशी बोलताना ते पुस्तकी मराठी बोलत. "कवडू दर शनिवारी दोन वाजता निघून जातो. नरखेडला. बागेच्या कामाला. दोन वर्षं झाली."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि त्याचं काम कोण करतं?"

"ते मला माहीत नाही," वामनराव म्हणाले.

एवढं एकच वाक्य ते पुढे आयुष्यभर मनात उलटं फिरवून बघणार होते.

"हे तुम्ही आज का सांगताय?"

"माझ्या पोरीची शाळा आहे साहेब."

"मी अजून कोणाचंच नाव लिहिलेलं नाही, वामनराव."

साहेब लोक असंच म्हणतात, वामनरावांच्या मनात आलं. त्यांनी त्यावर काडीचाही विश्वास ठेवला नाही. साहेब चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मला जड जात होतं हे. सांगितलंत ते बरं झालं."

पंगत बसली. कवडूनं रोडगे राखेतून काढले, फडक्यानं झटकले, फोडून त्यात तुपाची धार सोडली. पहिला रोडगा त्यानं वामनरावांच्या पत्रावळीवर ठेवला. "खाय गा, आज तुह्या मनासारखा खरपूस झाला." वामनरावांनी तो बोटांनी चुरत चुरत निम्मा ठेवला.

रविवारी उजाडताच कवडू दारात. "चाल गा, जीपमंदी बस. वयनी, शामलाले स्वेटर घाला."

वामनराव गाडीत बसले ते आता बाजूला नेऊन बदलीची बातमी सांगणार या तयारीनं. जीप पंचबोल पॉइंटला थांबली. एका हाकेला दरी पाच वेळा ओ देते अशी त्या जागेची ख्याती. ऊन कोवळं होतं आणि दरी तळापर्यंत मोकळी दिसत होती. कवडूनं शामलाला कठड्याजवळ नेलं, घट्ट धरून ठेवलं आणि मागे वळून म्हणाला, "तुले सांगतलं असतं तं तू येऊ नसतं देल्लं. पोरीले लोकाइत बोलू देत नाहीस ना तू. दोन दिवस झाले साहेबाच्या मांगं लागलो होतो जीपसाठी. कालच संध्याकाऊन आणाची होती, पन बदली आली."

"बदली?" वामनरावांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"हे धुकं गा, ढग. आमच्याकडे बदलीच म्हणते. हद्दीपल्याडचं पांढुर्णा नरखेडहून किती दूर आहे, अर्धी हिंदीच बोलतो आमी. काल भैय्याजीबी तेच म्हणे, बदली आ रही है, कुछ नहीं दिखेगा."

हा शब्द वामनरावांना काय माहीत नव्हता? नागपूरच्या बाजारात शंभरदा ऐकलेला. पण त्या साली वसाहतीत त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता.

कवडूनं शामलाचा हात तिच्याच गळ्यावर ठेवला आणि मान हलवली. शामलानं बापाकडे पाहिलं. मग दरीकडे तोंड करून जीव खाऊन ओरडली, "बाबा!"

दरीनं ती हाक घेतली आणि परत दिली. एकदा, दोनदा, मग लांबून, मग आणखी लांबून. इंदूबाईनं पदर तोंडाला लावला. साहेब टोपी काढून उभे राहिले. शामलाला त्यातलं काही ऐकू आलं नाही, पण सगळ्यांची तोंडं पाहून ती खुदकन हसली आणि पुन्हा ओरडली. कोणी नक्कल केली नाही.

"तिले आयकू नाही येत," कवडू डोळे पुसत म्हणाला, "पन डोंगरानं आयकलं ना गा."

परतताना जेवायला बस थांबली तेव्हा वामनराव साहेबांना एकटं गाठायला गेले. "साहेब, ते कालचं जे मी बोललो—" एवढंच त्यांनी म्हटलं. माझा गैरसमज झाला म्हणावं, तर शनिवारची गोष्ट खरीच होती. त्याचं काम मीच करत होतो म्हणावं, तर आपलंच नाव यादीत जाणार, आणि समोर इंदूबाई शामलाला घास भरवत होती.

"माझ्या लक्षात आहे, वामनराव. काळजी करू नका," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले. वामनरावांनी त्यांना जाऊ दिलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी ऑर्डर आली. कवडू ढोक. आठ दिवसांत हजर व्हायचं. आठवड्यातून एकदा येणारा हातही गेल्यावर बाग म्हाताऱ्याला आणि प्रयागबाईला झेपणार नव्हती, म्हणून कवडूच्या बापानं बाग दुसऱ्याला कसायला दिली.

निघायच्या दिवशी कवडू काट्याच्या खिडकीपाशी आला. एरवी आत येऊन बसायचा तो माणूस बाहेरच उभा राहिला. हसला नाही.

"साहेबानं बोलावलं होतं. शनिवारचं माहीत आहे म्हणे त्याइले. कोनाचं नाव नाही सांगतलं." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "मी म्हटलं, मी एकटाच करतो, माह्या मांगं कोनी नाही. तुह्यावर येऊ नाही देल्लं."

वामनराव काट्याच्या आकड्याकडे बघत होते. काट्यावर ट्रक नव्हता.

"तुले मानसं बरोबर समजते. मले आजवर कधी शिकता नाही आलं ते. पाहून ठेवजो गा, कोनं सांगतलं. नत्थूजी असन का? का तो एसटीचा कंडक्टर काही बोलला? आता मले साऱ्याइवरच शक येते वामन. रातभर एकेकाचं तोंड आठवतो." त्यानं पिशवी खांद्याला लावली. "एक तू सोडून."

जन्मभर ज्यानं दुसऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, त्या वामनरावांना त्या वेळी मनापासून वाटलं, यानं एकदा, एकदाच, आपल्या तोंडाकडे तसं पाहावं. त्यांनी मान वर करून तोंड पुरतं त्याच्यासमोर धरलं. कवडूनं खिडकीतून हात घालून त्यांचा खांदा दाबला आणि तो एसटीकडे निघून गेला.