माझ्या वाट्याचं खाजण

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सगळ्यात जास्त छळलं ते कोरड्या हवेनं. माझं माहेर कोकणातलं, खाडीकाठचं. इथे भवानी पेठेत दोन खोल्या होत्या आणि मागच्या बाजूला दिवसभर मागांचा खडखडाट. नवरा मालगाडीवर गार्ड. एकदा गाडी घेऊन गेला की परत कधी येईल ते त्यालाही सांगता यायचं नाही. मूलबाळ झालं नाही. सत्तरच्या दशकातली ती बरीचशी वर्षं मी त्या खोल्यांत एकटीनंच काढली.

शेजारी एक विणकराची बायको राहायची. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. एकदा तिनं विचारलं, "तुमच्या गावात समुद्र हाय म्हणं?" समुद्रापेक्षा मला खाजणच सांगावंसं वाटलं. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात तिवरांची झाडं वाढतात, त्यांच्या मुळांत माशांची पिल्लं मोठी होतात, बायका गुडघाभर रुतून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचतात.

"म्हंजे चिखलच की," ती म्हणाली.

खरंच होतं ते.

वडील गेल्यावर त्या खाजणातल्या आमच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर दादाबरोबर माझंही नाव लागलं होतं. मी कधी त्याचा विचारही केला नव्हता. मग एका सकाळी दादाच दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या घरी येत होता. मला इतका आनंद झाला की त्याला पाणी द्यायचंही सुचेना. त्यानं नारळ, आमसुलं आणि सुके बांगडे आणले होते. मी भात टाकला, बांगडे भाजले. शेजारणीनं वासानं खिडकी लावून घेतली, त्यावर आम्ही दोघं लहानपणासारखे हसलो.

जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतून कागद काढला.

"बाय, एक सही हवी होती. मुंबईचे एक शेट खाजणात खासगी धक्का बांधतायत. खनिज न्यायला पडाव, मोठ्या होड्या, तिथे लागतील. आपल्याकडून तुझी तेवढी संमती राहिलीय."

"आणि तिवरं?"

"तोडावी लागतील. भराव टाकल्याशिवाय धक्का कसा होणार?"

"उधाणाचं पाणी मग शेतात येईल, दादा. बाबा नेहमी सांगायचे."

"बाबांच्या वेळी पोरं गावात राहून जगत होती. आता नाही जगत. धक्क्यावर त्यांना काम मिळेल. इथे सोलापुरात बसून तुला काय कळणार?"

मी म्हटलं, "घराशेतातला माझा वाटा तू घे. घर घे, शेत घे, उद्या लिहून देते. पण ह्या कागदावर सही नको मागू."

त्यानं कागदाची घडी घातली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तुला किती पाहिजे ते तरी सांग."

मी ताटं उचलून मोरीत नेली. संध्याकाळच्या एसटीनं तो गेला. वहिनीसाठी बांधून दिलेली शेंगाची चटणी ओट्यावरच राहिली.

नवरा परतल्यावर मी सगळं सांगितलं. "सही केली असतीस तर माहेर तरी राहिलं असतं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पण नाही म्हणालीस तर आता तिथे जाऊन नाही म्हण."

धक्क्याला परवानगी देण्याआधी गावात सरकारी चौकशी होती, तिची नोटीस मलाही आली. मी एकटीच गावी गेले. शाळेच्या पडवीत साहेब बसले होते, समोर गाव. माझी पाळी आली तेव्हा उभी राहून म्हणाले, "माझी हरकत आहे."

"आपण राहता कुठे?"

"सोलापूरला."

लोक हसले. दादा हसला नाही. तो अंगणाकडे बघत होता. मला जे ठाऊक होतं ते मी अडखळत सांगितलं आणि खाली बसले. मागे तिसऱ्या वेचणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्यांतली एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "ती बोलते ते खरं हाय. आमचीपण हरकत लिवा." तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या.

वहिनीनं चहाला बोलावलं नाही. त्या म्हातारीकडेच मी मुक्काम केला. तिच्या अंगणातून आमच्या घराचा दिवा दिसत होता.

आमच्या खाजणातल्या धक्क्याला परवानगी मिळाली नाही. शेटनं धक्का दक्षिणेकडच्या दुसऱ्या खाडीत बांधला, तिथलं खाजण गेलं. त्या चिखलावर कुणाची सही अडली होती का, मला कधी कळलं नाही. दादाची मुलं मुंबईला गेली. ती माझ्यामुळे गेली असं तो गावात सांगत असे. कदाचित तसंही असेल. अधूनमधून येणारी त्याची पत्रं थांबली.

पत्रं थांबली त्या वर्षी भाऊबीजेला नवरा गाडीवर होता. तिन्हीसांजेला मी तबक घेऊन गच्चीवर गेले आणि मावळतीकडे टेकलेल्या चंद्राच्या बारीक कोरीला ओवाळलं. वाळत घातलेलं सूत काढायला शेजारीण वर आली होती.

"भाऊ न्हाई का तुमाला?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "लांब असतो."

तिनं सूत खाली ठेवलं आणि वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.