बसस्टँडसमोरची विंडोज

कंप्युटरच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, मेलेले माऊस आणि किस्से. माऊस निदान भंगारवाला तरी नेतो!

बसवकल्याणच्या बसस्टँडसमोर मी आणि बसूअण्णा मिळून दुकान चालवायचो. विंडोज नव्यानं टाकली की ती ॲक्टिव्हेट करावी लागे, नाहीतर काही दिवसांनी कंप्युटर आपल्याला आतच घेत नसे. इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून कंपनीला फोन लावायचा. स्क्रीनवरचा लांबलचक नंबर फोनवर दाबायचा, रेकॉर्ड केलेली बाई दुसरा तसाच नंबर सांगायची, तो टाकला की सुटलो.

एकदा भालकीकडच्या एका पाटलांनी हौसेनं स्वतः रिसीव्हर धरला. बाईनं इंग्रजीत स्वागत केलं. पाटील म्हणाले, "नमस्कार अक्का, जेवण झालं का?" बाईनं नंबर मागितला. पाटलांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "धरा! जेवलात का म्हनून विचारायलोय, तर नंबर मागायलीय! लई घमेंडी हाय."

कंप्युटर आतल्या खोलीत, फोन काउंटरवर. त्यामुळे शेजारचे टेलर रहीमभाई आतून आकडे दखनी उर्दूत वाचायचे, मी दारात उभा राहून ते मराठीत सांगायचो आणि बसूअण्णा कानडीत पुटपुटत दाबायचा. कधी एक आकडा चुकला नाही. चुकला तो, आम्ही तिघांनी शहाणपणा करून सगळं इंग्रजीत करायचं ठरवलं त्या दिवशी!

एका अडत दुकानाच्या शेठांना खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवी विंडोज टाकून दिली. दुसऱ्या दिवशी पूजा करताना सीडीचा ट्रे बाहेर आला. शेठांना वाटलं, मशीननं आपणहून ताट पुढं केलं. हळद, कुंकू, अक्षता, वर पेढा! ट्रे आत गेला. शेठांचा फोन आला तेव्हा मी हादरलोच, पण ते खुशीत होते. "नैवेद्य घेतला हो त्यानं!"

आणि मुडबीचे कांबळे मास्तर. रिटायर झालेले, खोटं बोलायचं म्हटलं की घाम फुटणारे. त्यांच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः हौसेनं बनवलेली, तीच कुलूपबंद कंप्युटरमध्ये अडकली. प्रेसवाला त्याच संध्याकाळी छापणार होता. मास्तरांचा चेहरा बघवत नव्हता.

रेकॉर्डवाल्या बाईनं नंबर नाकारला आणि मास्तरांनी धरलेल्या रिसीव्हरवर खरी मुलगी आली. तिनं हिंदीत विचारलं, "ही सीडी किती कंप्युटरवर टाकलीय?" एक सीडी एकाच कंप्युटरला चालायची, म्हणून आम्ही खुणेनं एक बोट दाखवत होतो. मास्तर सुरूच झाले. आधी जुन्यावर टाकली होती, त्याच्यावर वीज पडली, मग हा घेतला, आता लेकीचं लग्न.

बसूअण्णानं कपाळावर हात मारला.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, आणि चक्क आमच्या मराठीत, "मागं मुडबी मुडबी कोन ओरडायलंय?"

"कंडक्टर हाय. समोर स्टँड हाय. कामून, बाई?"

"आमच्या गावाची गाडी हाय ती."

मग तिनं नंबर दिला. मास्तरांनी तीनदा ताडून पाहिला. पत्रिका उघडली, लेकीचं नाव झळकलं, मास्तरांनी डोळे पुसले.

"अजून काही मदत करू का?" तिनं नेहमीसारखं विचारलं. मग थांबून म्हणाली, "काका, फोन जरा दाराकडं धरता का?"

वायर दारापर्यंत पोचेना. मास्तर बाहेर गेले आणि कंडक्टरचा दंड धरून त्याला आत घेऊन आले. कंडक्टरनं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. कामून म्हणून त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. रिसीव्हर तोंडापाशी धरला, छाती भरून श्वास घेतला.

"मुडबी, मुडबी, गुलबर्गाऽऽ! चला बसा, बसा, गाडी सुटायलीय!"