टिकसासाठी मांडलेली चूल

नंदुरबारच्या मामलेदार कचेरीसमोर निंबाखाली तीन अर्जवाले बसत. दोघे जमिनीचे, वारसाचे, भावाभावांच्या मारामारीचे अर्ज लिहीत. तिसरा दोधू वाणी. तो फक्त इन्कम टॅक्सचं बघे. गावाच्या तोंडी त्या कराचं नाव टिकस, म्हणून याचं नाव टिकस दोधू. त्याला ते नाव मुळीच आवडत नसे, पण धंद्याला बरं पडतं म्हणून हाक मारली की ओ देई.

सातवी पास झाल्यावर तीन वर्षं एका कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत त्यानं लिखापढी केली होती. तिथं त्याला एक शहाणपण गवसलं: सरकारला माणसाची कीव येत नाही, पण नीट लिहिलेल्या कागदाची येते. तेवढ्या भांडवलावर त्यानं निंबाखाली सतरंजी अंथरली.

तापीकाठच्या रतिलालला नोटीस आली तेव्हा तो ती फडक्यात बांधून, दोन बोटांत धरून घेऊन आला. सात दिवस त्याला झोप नव्हती. दोधूनं विचारलं, "पैसा कापसाचा? कापूस स्वतःच्या शेतातला?" हो म्हणाल्यावर म्हणाला, "मग घरी जाऊन झोप." शेतीच्या उत्पन्नावर टिकस नाही, एवढं एक वाक्य लिहून त्यानं आठ आणे घेतले. मोतीलालच्या बापाला नोटीस आली तेव्हा बाप जाऊन तीन वर्षं झाली होती. दोधूनं लिहिलं, 'आपले बोलावणे पोचते तर मयत जरूर हजर राहते, कारण हयातीत ते सरकारचे फार ऐकत.' धुळ्याच्या टिकस कचेरीतून तंबी आली, पण नोटीसही रद्द झाली. एका शेठनं पोराच्या सोयरिकीत व्याह्यापुढं फुशारकी मारली होती की दुकान वर्षाला पाच हजार सोडतं. ते तिथल्या साहेबाच्या कानावर गेलं. दोधूचा अर्ज असा: 'सोयरिकीत बोललेले आकडे धरू नयेत. धरल्यास खानदेशात गरीब कोणी उरणार नाही.'

असा हा हुशार माणूस. घरी मात्र त्याची हुशारी कुणी विचारत नसे. घर थोरल्या भावाचं, नथ्थूशेटचं. बाप लवकर गेला, तेव्हा नथ्थूनंच दोधूला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, किराण्याच्या दुकानात निम्मी पाती दिली. दोधू भावाला देव मानी. दोघं भाऊ एका पंगतीला जेवत, वाढायला नथ्थूची बायको छबूबाई, आणि भाकरी थापायला दोधूची बायको सुंदरबाई. छबूबाई वाईट नव्हती. तिच्या सासूनं तिला जसं राबवलं तसं ती धाकट्या जावेला राबवी, दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती.

अडतीस सालच्या उन्हाळ्यात नोटीस खुद्द नथ्थूशेटला आली. एकत्र कुटुंबाचं दुकान, वर्षाची कमाई तीन हजारांच्या घरात, आणि माफी फक्त दोन हजारांच्या आतल्याला. नथ्थूनं जेवण टाकलं.

"दोधू, तू जगले वाचाडस. आते भाऊले वाचाड."

दोधूनं रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी तोड काढली. भाऊ वेगळे निघाले असं दाखवायचं. तीन हजाराचे दोन वाटे, दीड-दीड हजार, दोघंही माफीत. वाटणीचा कागद तो लिहील. पण साहेब मे महिन्यात दौऱ्यावर येणार आणि घर डोळ्यांनी बघणार. वेगळं घर ओळखायचं कशावरून? चुलीवरून.

"दादा, दोन चुल्हा मांडना पडतीन," तो म्हणाला.

"मन्हा घरमा दोन चुल्हा?" छबूबाईनं पदर तोंडाला लावला. "लोके काय म्हनतीन?"

"आठ दिन, वहिनी. मंग मी सोता फोडी टाकसू."

मागच्या पडवीत सुंदरबाईनं माती कालवली. चूल घालताना तिनं एकदा विचारलं, "हाऊ चुल्हा मन्हा? मन्हा एकलीना?" दोधू कागदात गुंतलेला. "आठ दिन तुन्हाच शे," तो म्हणाला. नवी चूल नवी दिसू नये म्हणून त्यानं तिला गोवऱ्यांचा धूर दिला, तेल चोपडलं, तवा जुना आणला. दोन दिवसांत चूल अशी काळी झाली, की जणू तिच्यावर आजीबाईंनी स्वयंपाक केला असावा.

साहेब आठ दिवसांत येणार होते, त्यांना यायला महिना लागला. सरकारी दौरा तो, वेळेवर झाला तर सरकारचा अपमान व्हायचा. त्या महिन्यात सोंग नीट वठावं म्हणून सुंदरबाई दोन्ही वेळा पडवीत रांधू लागली, पण भाकऱ्या आतल्या पंगतीलाच जात. दोधूला पंगत सोडवेना. तो भावाशेजारीच जेवे आणि नंतर शेजाऱ्यांनी पाहावं म्हणून पडवीत जाऊन एक ढेकर देऊन येई.

साहेब पुण्याकडचे. सडपातळ, चष्मेवाले, मराठी अगदी छापील. त्यांना अहिराणी कळत नव्हती, म्हणून दोधूनं दुभाषाचं कामही अंगावर घेतलं. सोबत त्यांचा पट्टेवाला नवलसिंग, तो मात्र इथलाच, शहाद्याकडचा. दोधूनं बायकोला पाठ करून घेतलं होतं: साहेब विचारतील, चूल वेगळी आहे का? तू म्हणायचं, हो साहेब. बस.

साहेबांनी वाटणीचा कागद वाचला, छबूबाईची चूल बघितली, मग पडवीत आले. दुसरी चूल बघून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला तेलकट काजळी लागली. त्यांनी चष्म्यावरून दोधूकडं पाहिलं. दोधूच्या तोंडचं पाणी पळालं. मग साहेब सुंदरबाईकडं वळले.

"बाई, तुम्ही चूल वेगळी का केली?"

आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही. का केली, असं विचारलं. सुंदरबाईनं पाठ केलेलं उत्तर या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"साहेब, बारा वरीस व्हयनात. सकायपशी रातपावत मी भाकरी थापस. पन माले एक दिन ऊनी भाकरी भेटनी नही."

"काय म्हणतात?" साहेबांनी दोधूला विचारलं.

"कुटुंब वाढलं साहेब," दोधू म्हणाला, "म्हणून सोयीसाठी वेगळं केलं, असं म्हणते."

मागून नवलसिंग खाकरला. "नाही साहेब. बाई म्हणते, बारा वर्षं भाकऱ्या थापते, पण गरम भाकरी एकदाही वाट्याला आली नाही."

साहेबांनी दोधूला हातानं गप्प केलं आणि नवलसिंगला पुढं बोलावलं. नथ्थूशेट दारात उभा होता, छबूबाई त्याच्या मागं.

"मन्ही पोर पोटमा व्हती, तव्हय माले आंबट कढी खावानी इच्छा व्हयनी. जेठानी बोलनी, चुल्हा मोकया नही. पोर आते नऊ वरीसनी शे. चुल्हा मोकया व्हयना नही."

नवलसिंगनं डोहाळ्यांच्या कढीची गोष्ट सांगितली. थोरल्या जावेनं चूल मोकळी नाही म्हटलं, आणि पोर नऊ वर्षांची झाली तरी ती चूल मोकळी झालेली नाही. साहेब टाक हातात धरून ऐकत राहिले.

"आनि हाऊ मानूस," सुंदरबाईनं नवऱ्याकडं बोट केलं, "जगना अर्ज लिखस. मी याले बारा वरीस तोंडी अर्ज करी ऱ्हायनू. याले लेखी लागस."

नवलसिंगनं हे शब्दाला शब्द लावून सांगितलं, आणि तेही जरा मोठ्यानं. दोधू जमिनीकडं बघत होता. त्याच्या आयुष्यात असा अर्ज त्याच्या हातून उतरला नव्हता.

साहेबांनी बोटाची काजळी रुमालाला पुसली. मग टाक बुडवून म्हणाले, "काजळी चोपडता येते, हे मला माहीत आहे. हे बोलणं शिकवता येत नाही." आणि त्यांनी कुटुंब विभक्त असल्याचं मान्य करून लिहून दिलं. टिकस माफ.

संध्याकाळी नथ्थूनं जिलेबी आणली. शेजारी जमले. सुंदरबाईची तारीफ सुरू झाली. "काय बोलनी वं! नाटकमंडळीमा धाडाले पाह्यजे!" नथ्थू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. छबूबाईही हसली, जरा कमी. मग म्हणाली, "दोधूभाऊ, आते तो चुल्हा फोडी टाका. जागा गुतनी."

दोधू कुदळ घेऊन पडवीत गेला. सुंदरबाई चुलीपुढं बसली होती, तवा तापत होता.

"व्हयनं आते. ऊठ," तो म्हणाला. "झ्याक बोलनी तू. मन्हापेक्षा खोटं झ्याक बोलनी."

तिनं वर पाहिलं. "मी खोटं कव्हय बोलनू?"

दोधू उभा राहिला. कुदळ हातात जड वाटू लागली. आतून भावाची हाक आली, "दोधू, ताट वाढेल शे, ये!" ज्या भावानं बापाची जागा घेतली त्याची हाक. या हाकेला दोधूनं जन्मात उशीर केला नव्हता. आज आत गेलो नाही तर दादा उद्यापासून आपल्याशी पहिल्यासारखा बोलणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"दादा," तो ओरडला, आवाज चिरकला, "तुम्ही जेवा. मी आठे, पडवीमा जेवसू."

आत हसणं थांबलं. दोधूनं कुदळ भिंतीला टेकवली आणि चुलीपुढं बसला.

सुंदरबाईनं पहिली भाकरी तव्यावरून काढली आणि त्याच्या ताटाकडं नेली. त्यानं ताट मागं ओढलं. "तू खाय," तो म्हणाला. तिनं दोनदा नको म्हटलं, मग तिथंच बसून भाकरीचा तुकडा मोडला. तिची बोटं भाजली.

बारा वर्षांच्या संसारात दोधूनं बायकोला जेवताना कधी पाहिलं नव्हतं. ती फार भरभर जेवत होती, मान खाली घालून, घास नीट न चावता, कुणी आता उठवेल अशा घाईनं.