तीन विरुद्ध एक

रविवारी सकाळी फोनवर सुधाकरचं नाव उमटलं आणि 'हॅलो' म्हणायच्या आधीच मी सुरू झालो. "पाहिलास ना काल हेडमास्तरांचा पराक्रम? एका गोलने पुढे असताना बचावातला माणूस बाहेर काढतात का कुणी?" पलीकडून उत्तर येईना. सुधाकर असल्या प्रश्नावर गप्प बसणाऱ्यातला नव्हता, म्हणून मला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला, "काका, मी समीर. बाबांच्या फोनवरून बोलतोय." पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी बिचाऱ्याने सांगितलं. छातीत कफ दाटला होता, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, पहाटे गेले... मी फोन खाली ठेवला. हेडमास्तरांवरचा माझा राग अजून पुरता बोलून झाला नव्हता. तो ऐकून घेईल असं दुसरं कुणी या शहरात नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

सुधाकर ओव्हाळ हे नाव वाचकांना माहीत असण्याचं काही कारण नाही. टेलिफोन खात्यात आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर नोकरी केली आणि पुढे धायरीत एकाच सोसायटीत घरं घेतली. त्याचं लहानपण खडकीतलं. तिथल्या मैदानावर तो अनवाणी फुटबॉल खेळला, आणि खेळला तोही बचावात. "गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, अडवणाऱ्याच्या नुसत्या नडग्या फुटतात," असं म्हणून तो पँट वर करून नडग्या दाखवायचा. समोर कोण बसलंय याचा विधिनिषेध नसे. एकदा आमच्या साहेबांच्या बायकोलाही दाखवल्या होत्या.

केबल आल्यावर इंग्लंडमधल्या मॅचेस दिसायला लागल्या. सगळं जग मोठमोठ्या क्लबांच्या मागे लागलेलं असताना या गृहस्थाने उत्तर इंग्लंडमधला एक मधल्या फळीतला, कधीही काहीही न जिंकणारा क्लब निवडला. का, तर त्याने पाहिलेल्या पहिल्याच मॅचमध्ये त्यांचा एक खेळाडू बाहेर काढला गेला होता आणि उरलेल्या दहा जणांनी शेवटपर्यंत गोल होऊ दिला नव्हता. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून काय उपयोग? शनिवारी संध्याकाळी त्याच्या हॉलमध्ये मॅच, शोभावहिनींच्या हातचा चहा, आणि रविवारी सकाळी धायरी फाट्यावरच्या हॉटेलात त्या मॅचची चिरफाड, असा आमचा वर्षानुवर्षांचा कार्यक्रम होता. टेबलावर आम्ही चौघं. मी, सुधाकर, निवृत्त प्राध्यापक परांजपे, आणि आमच्याच सोसायटीतला निखिल, जो हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि वयाने आमच्या मुलांएवढा आहे. परांजपे चांगलं काही बोलले तर पाऊस पडतो, अशी त्यांची ख्याती. मॅनेजरचं 'हेडमास्तर' हे नाव त्यांनीच ठेवलं, कारण तो मैदानाच्या कडेला हात मागे बांधून उभा राहायचा. कप्तानाला आम्ही 'पाटील' म्हणायचो. छत्तिशीला आलेला धिप्पाड बचावपटू, चालायचा असा की सगळं मैदान वडिलोपार्जित आहे. सुधाकरचा जीव या पाटलांवर.

शोभावहिनी गेल्या त्याच वर्षी क्लब विकला गेला. नव्या मालकांनी पहिल्याच दिवशी निवेदन काढलं की क्लबच्या परंपरेला आम्ही धक्का लावणार नाही. निखिल खुशीत होता, आता पैसा येईल, नवे खेळाडू येतील. सुधाकरने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "परंपरेचं नाव घेतलं ना? मग आता एकेक वस्तू हलणार बघ." आणि हलल्याच. आधी जुना स्टाफ गेला, मग दोन चांगले खेळाडू विकले, मग घरच्या मैदानाला कुठल्याशा कंपनीचं नाव दिलं. पण मला त्या वेळी जे कळलं नव्हतं ते असं, की समीरनेही तेव्हाच वडिलांना सांगितलं होतं, "बाबा, तुमच्या मनाविरुद्ध काही होणार नाही." काही महिन्यांनी धायरीचं घर विकलं गेलं आणि सुधाकर हिंजवडीला समीरच्या फ्लॅटवर राहायला गेला. हॉटेलात ही बातमी त्याने अशी दिली: "माझी ट्रान्सफर झाली. फ्री ट्रान्सफर. वय झालेल्याला कुणी पैसे मोजत नाही." आम्ही हसलो. तोही हसला.

त्याची सून वाईट नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टीत सून आधीच दोषी ठरलेली असते. नवराबायको दोघंही सकाळी ऑफिसला जायची, नात दहावीला, तिला तिची खोली हवी. सुधाकर दोनदा बाथरूममध्ये पडला आणि दुसऱ्यांदा दुपारभर तसाच पडून राहिला. तेव्हापासून त्याला एकटं ठेवायची सगळ्यांनाच धास्ती. तरी दर रविवारी समीर त्याला गाडीत घालून त्या ट्रॅफिकमधून धायरी फाट्यावर आणून सोडायचा आणि दोन तासांनी न्यायला यायचा. हे मी बाप असून माझ्या मुलाकडून मागितलं नसतं.

अशाच एका रविवारी विषय निघाला पाटलांचा. त्यांचा करार संपत आला होता आणि नवे मालक तो वाढवणार का, यावर इंग्लंडपासून धायरीपर्यंत चर्चा चालू होती. विषय काढला सुधाकरने. काठी खुर्चीला टेकवून ठेवत म्हणाला, "आज मला तुमचं नीट मत पाहिजे. थट्टा नको. ठेवायचा की सोडायचा?"

"काका, इमोशनल होऊन चालत नाही," निखिल म्हणाला. "गुडघा गेलाय त्याचा. स्क्वॉडमधली एक जागा अडून बसते. तिथे कुणीतरी यंग येऊ शकतं."

"जागा अडते, हे खरं," सुधाकर म्हणाला. "परांजपे, तुम्ही?"

"अहो, मान आहे तोवर उठावं माणसाने. हाकलेपर्यंत वाट बघण्यात कसलं आलंय पाटीलपण?"

मी म्हणालो, ठेवावं. खेळवू नका हवं तर, पण ड्रेसिंग रूममध्ये असा एक माणूस लागतो. नुसता बसून असला तरी बाकीचे नीट वागतात. सुधाकर माझ्याकडे बघत राहिला. "आणि त्यांना अडचण होत असेल तर? तोंडाने बोलत नाहीत, पण होत असेल तर?" मी म्हणालो, होऊ दे, इतकी वर्षं त्याने ओढलं, एक वर्ष त्यांनी ओढावं. त्यावर निखिलने कसलेसे आकडे काढले, परांजप्यांनी मला 'भावनाप्रधान' ठरवलं, तेवढ्यात डोसे आले आणि मी वाद सोडून चटणीकडे वळलो. सुधाकरने मात्र विषय सोडला नव्हता. म्हणाला, "दोन विरुद्ध एक. माझं मत राहिलं. मीही सोडाच म्हणतो. तीन विरुद्ध एक." निखिलला आश्चर्य वाटलं. "काका, तुम्ही? पाटलांच्या विरुद्ध?" सुधाकर म्हणाला, "बचाव खेळलेल्या माणसाला कळतं रे, कधी आपल्यामुळेच गोल होणार आहे ते." मला ते वाक्य फार आवडलं. घरी जाऊन बायकोला सांगितलंही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. कात्रजचा घाट ओलांडल्यावर एक वृद्धाश्रम आहे, तिथे तो गेला होता. फोनवर म्हणाला, "माझं मीच ठरवलं. जागा स्वच्छ आहे, डॉक्टर येतो, झाडं आहेत." मी भेटायला गेलो तेव्हा झाडं होती खरी. एका खोलीत चार खाटा, भिंतीला चार खुंट्या, आणि दुपारी चारलाच संध्याकाळ झाल्यासारखी शांतता. टीव्ही हॉलमध्ये होता. मी सहज रिमोट शोधायला लागलो, तर शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले की रिमोट मॅनेजरच्या कपाटात असतो आणि टीव्ही लागतो तो सकाळी तासभर, भजनांपुरता. सुधाकर म्हणाला, "आपल्या हेडमास्तरांपेक्षा कडक आहे इथला मॅनेजर. सात वाजले की सगळे बेंचवर." मी हसलो, पण परतताना घाटात माझ्या लक्षात आलं. त्याचा फोन साधा, बटणांचा. म्हणजे तिथे गेल्यापासून त्याने एकही मॅच पाहिली नव्हती. आणि तरी दर रविवारी फोन करून तो माझ्याशी तावातावाने भांडत होता, अमका बदल चुकीचा, तमक्याने पास उशिरा दिला... पेपरात येणाऱ्या दोन ओळींवरून तो अख्खी मॅच मनाने उभी करत होता. हे मला कळलंय, असं मी त्याला जाणवू दिलं नाही. पुढच्या रविवारपासून "तुला आठवतं ना" म्हणत मीच त्याला सगळं दाखवायला लागलो. तुला आठवतं ना, उजवीकडून तो बॉल आला, पाटील दोन पावलं मागे सरकले, गोलकीपर ओरडला. तो म्हणायचा, "हो तर! पाहिलं की." एवढं खोटं आम्ही एकमेकांशी चाळीस वर्षांत बोललो नव्हतो.

सीझन संपल्यावर एके दिवशी त्याने भर दुपारी फोन केला. आवाजात वेगळाच उत्साह. "अरे, पेपरात आलंय. पाटलांना आणखी एक वर्ष ठेवलं. नव्या मालकांनीच ठेवलं."

"म्हणजे आपण चुकलो म्हणायचं," मी म्हणालो.

"तू नाही. आम्ही तिघं चुकलो." मागे कुठेतरी घंटा वाजली. "चल, चहाची वेळ झाली. उशिरा गेलं की गार मिळतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

नवा सीझन सुरू झाला आणि पावसाळ्यातला खोकला त्याच्या छातीतच राहिला. शेवटचं त्याच्याशी बोलणं झालं ते अशाच एका रविवारी, एका नव्या खेळाडूच्या खरेदीवरून. त्याने त्या पोराला पाहिलेलंही नव्हतं आणि तरी त्याच्या डाव्या पायाबद्दल त्याला शंका होती. त्यानंतरचा रविवार मी सुरुवातीला सांगितला आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम समीरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. वंदना झाली, नातेवाईक बोलले, जेवणं झाली. माणसं पांगल्यावर समीर माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे डोळे सुजलेले होते. म्हणाला, "काका, एक विचारू? मी बाबांना आश्रमाचं सुचवलं तेव्हा ते म्हणाले, आत्ता काही सांगत नाही, रविवारी मित्रांना विचारतो आणि मग सांगतो. मी म्हटलं, ठीक आहे. तुमच्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. परत येताना गाडीत म्हणाले, तीन विरुद्ध एक मतं पडली, जाऊ या. मी विचारलंसुद्धा, एक कोण? तर म्हणाले, मधू. पण तो भावनाप्रधान आहे." समीरने माझा हात धरला. "मला एवढंच सांगा, तिघांना खरंच तसं वाटत होतं? मला वाटायचं तुम्ही सगळे मला शिव्या घालाल. तुम्हीच जा म्हणालात म्हटल्यावर मला... मला बरं वाटलं होतं, काका."

काय सांगणार होतो मी? की बाबा रे, आम्ही इंग्लंडमधल्या एका गुडघा गेलेल्या माणसाबद्दल बोलत होतो? चाळीस वर्षांत आम्ही दोघं प्रमोशन, आजारपण, त्याच्या बायकोचं जाणं, कशावरही सरळ बोललो नव्हतो. जे बोललो ते बचावफळी आणि मॅनेजर यांच्या आडून. आयुष्यात एकदाच त्याला खरा सल्ला हवा होता, तोही त्याने त्याच भाषेत मागितला, कारण दुसरी भाषा आमच्याकडे नव्हतीच. मी त्याची बाजू घेतली होती आणि ती डोसा येईपर्यंत टिकली. मी समीरला म्हणालो, "सगळ्यांना तुझी काळजी वाटत होती, आणि त्याचीही." हे खोटं होतं. पण त्याला पुढे बरीच वर्षं जगायचं आहे.

परांजप्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. निखिलला मात्र सांगितलेलं नाही. त्याने जे म्हटलं ते फुटबॉलबद्दल म्हटलं आणि फुटबॉलपुरतं ते बरोबरच होतं. हा लेख तो वाचेल तेव्हा त्याला कळेल. तोंडाने सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

आम्ही अजून रविवारी जातो. तिघंच असतो, चौथी खुर्ची वेटर दुसऱ्या टेबलाला नेतो आणि आम्ही नेऊ देतो. बदल एवढाच झाला आहे की मला आता कुठल्याही प्रश्नाचं उत्तर चटकन देता येत नाही. परवा निखिलने इडलीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "काका, काय वाटतं? ठेवावा की काढावा?" परांजपे कपात बघायला लागले. मी विचारलं, "कोणाबद्दल म्हणतोयस तू?"

"गोलकीपरबद्दल, काका. दुसऱ्या कुणाबद्दल असणार?"

"नक्की ना?" मी म्हणालो. "घरी सगळं ठीक आहे ना तुझ्या?"