गाडीतला मधला उंचवटा

गाडीच्या मागच्या सीटवर मधली जागा नेहमी म्हातारीची. दोन्ही बाजूच्यांचे पाय खाली सपाट, आणि मधलीचे गुडघे पोटाशी, कारण पायाखाली तो उंचवटा. जावयांनी जुनी गाडी घेतली तेव्हाच मी विचारलं होतं, हे मधेच काय वर आलंय? जावई इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहेत. बिघडलेला माग तेच दुरुस्त करतात, त्यामुळे लोखंडातलं सगळं आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं.

"मामी, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तितनं शाफ्ट जातोय. ही फ्रंट व्हील हाय. पुढचीच चाकं ओढत्यात. त्याच्याखाली कायबी न्हाय, पोकळ हाय."

पोकळ आहे म्हणून त्यांनी पुढच्या दोन सीटांमध्ये, त्या उंचवट्यावर, हात टेकायची पेटी बसवली. ड्रिल स्वतःच मारलं. पहिली भोकं चुकली, मग शेजारी दुसरी पाडली. चुकलेल्या भोकांवर मॅट ओढली. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती. तशी होती म्हणूनच ती आमच्या ऐपतीत आली.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे मंगळवार पेठेत होती. सव्वा महिना झाल्यावर जावई आणि विहीणबाई न्यायला आले. थंडीचे दिवस. विहीणबाईंनी मुलीचे कान बांधले, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि चारी काचा वर करायला लावल्या. बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. पुढच्या सीटवर पाळणा आणि बोचकी, मागे आम्ही तिघी. मी पोचवायला निघालेली, म्हणून मधे.

शिरोलीच्या पुढे ट्रक आडवा झाला होता. गाड्या जागच्या जागी. आमचं इंजिन चालू, हीटर चालू. माझ्या तळव्यांना उंचवटा चांगलाच गरम लागत होता. डोकं ठणकायला लागलं.

"आई, मळमळतंय," मुलगी म्हणाली.

"पावणं, काच जरा खाली करा," मी जावयांना म्हणाले.

"ईनबाई, तिला वारं लागून दूध आटलं तर तुमी पाजणार हाय का?" विहीणबाई म्हणाल्या.

"वारं ऱ्हाऊ द्या. हितं श्वास घ्यायला हवा न्हाय."

जावई हसले. काच उतरवली नाही. आईसमोर त्यांचं चालत नाही.

"पोरगं गुणाचं हाय," विहीणबाई म्हणाल्या. "इतका वेळ झाला, रडलं न्हाय. आमच्यावर गेलंय."

त्याची प्यायची वेळ होऊन गेली होती. मी दुपट्यात हात घालून त्याच्या तळव्याला चिमटा काढला. हललं नाही. जोरात काढला. पाय आखडून घेतला नाही. हात उचलून सोडला, तर ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

"ह्ये झोपल्यालं न्हाय."

"अवो, झोपंतल्या पोराला चिमटताय व्हय?"

मी मुलीच्या मांडीवरून बाळ उचललं, विहीणबाईंच्या गुडघ्यांवरून पलीकडे गेले आणि दार उघडलं. त्यांनी माझा पदर ओढला. तो त्यांच्या हातात राहिला असता तरी मी उतरले असते.

बाहेर पाय धड टेकत नव्हते. बाळ उताणं धरलं, तळव्यांवर चापट्या मारल्या. काही नाही. दोन्हीकडे ट्रकच ट्रक. एका ड्रायव्हरला ओरडून विचारलं, दवाखाना कुठं? त्यानं हात केला तिकडे पळाले. चपला गाडीतच राहिल्या. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. रड की रे, एवढंच म्हणत होते. रड की.

डॉक्टरांनी तोंडावर ऑक्सिजन लावला. मागून जावयांनी मुलीला धरून आणलं, विहीणबाई दारातच ओकल्या. गाडीत धूर कोंडला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. बऱ्याच वेळानं बाळ रडलं, मांजराच्या पिलासारखं.

"जीव वाचला," डॉक्टर म्हणाले. "मेंदूवर काय परिणाम झालाय ते आज सांगता येणार नाही. मान वेळेवर धरतो का बघा."

फिटरनं गाडी वर उचलली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. त्या उंचवट्याला खालून बोगदाच म्हणतात. शाफ्ट नसला तरी तो रिकामा नव्हता. इंजिनचा धूर मागे नेणारा सायलेन्सरचा पाइप त्यातूनच जातो. ब्रेकच्या नळ्याही तिथंच. शिवाय पत्र्याला तशी घडी असली की तळ लवत नाही, असं फिटर म्हणाला. ते मला लगेच कळलं. गोठ्यावर सपाट पत्रा घातला तर वाकतो, नाळीचा, पन्हळी पत्रा ताठ राहतो. आमचा पाइप पुराच्या पाण्यानं सडला होता, धूर त्या बोगद्यातच सुटत होता. फिटरनं खालून चुकलेल्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला, तर आत मॅट वर उचलली गेली. जावई बघत राहिले.

मुलगी परत माझ्याकडेच आली. तिसऱ्या महिन्यात पोरं मान धरायला लागतात. तिसरा सरला, चौथाही सरला. उचलला की ह्याची मान मागे लटकायची. विहीणबाई रोज फोन करतात. आता टोमणा नाही, काही नाही.

"धरली का वो, ईनबाई?"

"न्हाय."

फोन ठेवतात. मुलगी जेवत नाही. मी तिला ओरडते आणि मीही ताट तसंच ठेवून उठते.

काल त्याला वाकळेवर पालथा घातला. मान दोन बोटं उचलली, थरथरली आणि आपटली. नाकावर लागलं. तो रडायला लागला, चांगला मोठ्यानं. मुलगी उचलायला धावली.

"ऱ्हाऊ दे. रडू दे," मी म्हणाले.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. मी फोन त्याच्या तोंडाशी धरला.