गोठ्यामागची घरं

मी जपानला निघाले तेव्हा वेचणीचा हंगाम होता. आमच्या जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागले होते आणि गाडीत माझ्या बॅगा दुसरंच कुणीतरी ठेवत होतं. विदर्भातल्या त्या गावात बाबांना सगळे 'मालक' म्हणत. गच्चीवरून दिसणारा सगळा कापूस आमचा. मला निरोप द्यायला सालदारांची कुटुंबं फाटकाबाहेर उभी होती. आई रडत होती. बाबा गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाले, "सहा महिन्यांत परत येशील. तुला पाण्याचा ग्लास उचलायची सवय नाही."

ते चिडून बोलले नव्हते. खरंच होतं ते. आमच्याकडे काम सांगायचं असतं, करायचं नसतं, हे बाबांनी आम्हा भावंडांना लहानपणीच शिकवलं होतं. वेचणाऱ्या बायका ओट्या भरून कापूस आणत, आम्ही मुलं त्यात उड्या मारत असू. मला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या त्या शांतामावशी. त्यांचे यजमान आमचे सालदार. गोठ्यामागे टिनाच्या छपरांची घरं होती, त्यातलं एक त्यांचं. त्यांच्या सासऱ्यांनीही त्याच घरात राहून आमच्याकडेच राबून दिवस काढले. पण जमीन आमची, म्हणून घरही आमचं.

टोकियोजवळच्या ग्योतोकुला आले आणि पहिल्याच आठवड्यात मी कचऱ्यापुढे हरले. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या धुऊन. माझी पिशवी कचऱ्याच्या जागी तशीच पडून राहिली, वर लाल चिठ्ठी. नवरा, निखिल, योकोहामाला प्रोजेक्टवर. सकाळी जाई तो अंधार पडल्यावर येई. मी तीच पिशवी घरी आणून जमिनीवर उपडी केली आणि एकेक वस्तू वेगळी केली. परत जायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

मग बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात आरुबाइतो, अर्धवेळ काम धरलं, डब्यात भात भरायचा. भाषा शिकले, परीक्षा दिली आणि वृद्धांच्या केअर होममध्ये लागले. तिथे मी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, भरवते, उठवून बसवते. आमच्या मुख्य बाई, मोरी-सान, सगळ्यांदेखत माझे आभार मानतात. 'ओत्सुकारेसामा', दमलात, छान काम केलंत, असं ऐकून मी घरी निघते तेव्हा पाठ दुखत असते आणि मान ताठ असते.

आईबाबा दोन वर्षांपूर्वी इथे आले. जेवून बाबांनी ताट टेबलावरच सोडलं. आठ वर्षांची माझी लेक इरा जपानीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते ही?" बाबांनी विचारलं.

"म्हणते, आजोबांनी ताट उचललं नाही."

बाबा हसले. ताट आईने उचललं. मग बाबांनी माझ्या कामाची चौकशी केली, मी सांगितलं.

"म्हणजे तू लोकांना आंघोळ घालतेस? माझी मुलगी?"

"हो बाबा. शांतामावशी मला घालायच्या तशी. पण काम संपलं की मी माझ्या घरी येते. या घरातून मला कुणी काढू शकत नाही."

बाबांनी विषयच बदलला. म्हणाले, गोठ्यामागची जागा गोदामासाठी द्यायचं ठरलं आहे, तिथली माणसं जातील कुठेतरी. जमीन वडिलोपार्जित, त्यामुळे माझी सही लागणार होती.

"आधी त्या सगळ्यांच्या नावावर घरं करा," मी म्हटलं. "मग सही करते."

"परदेशात राहून मला शिकवतेस?"

"तसं समजा."

त्यानंतर वर्षभर बाबा माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. भाऊ आधी समजावत राहिला, मग ओरडला. घरचे सगळे मला हट्टी म्हणाले, शहाणी झालीस म्हणाले. मी सही केली नाही. दिवाळीत एकटीच गावी गेले आणि थेट गोठ्यामागे जाऊन मावशींना सांगितलं, "ही घरं तुमच्या नावावर करून घेणार आहे मी."

मावशींनी नकारार्थी मान हलवली. "मले हे नको, ताई. गोठ्यामांगं जन्म गेला. द्यायचीच असंन त रोडावर जागा पाह्यजे. सगळ्याइलेच."

मी तर हेच घर टिकवायला भांडत होते! त्यांना काय हवं, हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिथून उठून मी बाबांसमोर जाऊन बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शांता असं म्हणाली? स्वतः?" एवढंच विचारून ते उठले. चार दिवसांनी डांबरी रस्त्याकडेच्या आमच्याच शेतात मोजणी झाली. पायाचे दगड पडले, घरं सगळ्यांच्या नावावर लागली, मग मी सही केली.

बाबा अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. ते बदलले, असं मी म्हणणार नाही. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला मी आगाऊ वाटत असेन. आणि इथे जपानात हिगाशी-कसाईत, ग्योतोकुत येऊन पडलेल्या माझ्या सख्यांनो, मालकाच्या मुलीला गावात नव्हतं ते काय मिळालं, हे तुम्हाला सांगायला नको.

या वर्षी पुन्हा गेले होते. मावशींनी नव्या घरात खुर्ची दिली, चहा दिला. कप धुवायला उठले तर म्हणाल्या, "बस नं. पाव्हनी हायेस."

निघायच्या दिवशी निखिलचा फोन आला. मी बोलून गेले, "परवा सकाळी घरी पोचते."

आई शेजारीच बॅग भरत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने साडीची घडी नीट केली, चेन ओढली आणि म्हणाली, "घरी पोचलीस की कळव."